न ओळखलेली खिरापत

जगात बंद असं काही नसतंच, असं मानून जगलेली एकच बाई मी पाहिली आहे आणि ती नेमकी माझ्या नवऱ्याची आत्या निघाली. डबा, पेटी, कुकर, पार्सल, पोतं, कशाचंही झाकण कितीही घट्ट लावा, आत्याबाई त्याला कान लावणार, डोळे मिटणार आणि आत काय आहे ते बिनचूक सांगणार. कान म्हणजे डावाच. उजव्या कानाला गॅसवाल्याची आरोळीसुद्धा ऐकू जात नसे. लग्न होऊन मी साताऱ्याकडून यवतमाळला आले, तेव्हा माप ओलांडायच्या आधीच या बाईंनी माझ्या सुटकेसला कान लावला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर जाहीर केलं, "सूनबाईनं मायचं जुनं लुगडं लपवून आणलं आहे. अन लोणच्याची बरणी. बरणीले तडा गेला, पहिले थे काढा!" बरणीला खरंच तडा गेला होता. लुगडं तर मी कुणाला न सांगता अगदी तळाशी घातलं होतं. सगळे खो खो हसले. मीही हसले, पण खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला होता.

पुढे सवय झाली म्हणायचं. त्यांचं दोन खोल्यांचं घर आमच्यापासून चार दारं सोडून होतं आणि ओटा अगदी रस्त्यालगत. गल्लीतले ऑफिसला जाणारे बाप्ये त्या ओट्यापुढून गाडी जोरात काढत. हळू केली की संपलं. "काय रे, आज वांग्यात मीठ नाही. बायको रुसली काय?" हे आत्याबाई डिकीतल्या डब्याला उद्देशून बोलत आणि डबा दुपारी उघडला की वांगी अळणीच निघत. मतदानाच्या मशीनवर मात्र त्यांचा राग होता. "मुकी आहे थे," म्हणत. पोटुशी बाई शेजारी येऊन बसली की त्या लगेच डाव्या कानात कापसाचा बोळा घालत. का म्हणून विचारलं तर, "सगळंच ऐकाचं नसते," एवढंच उत्तर.

शेजारचे अण्णा वारले तेव्हाची गोष्ट तर गल्लीत अजून हलक्या आवाजात सांगतात. अस्थींचं गाडगं फडक्यानं तोंड बांधून झाडाला टांगलं होतं. आत्याबाई भाजी घेऊन येत होत्या, भरदुपारी. त्या झाडाखाली थांबल्या, मान तिरपी केली आणि अण्णांच्या मुलाला हाक मारून म्हणाल्या, "अण्णाचा सोन्याचा दात राह्यला पाह्य याच्यात." पोरानं गाडगं उतरवून पाहिलं, दात होता. तो आभार मानायला आला तर या शांतपणे भाजी निवडत म्हणतात, "अन अण्णा हसून राह्यले होते." दाताचा तपास सगळ्यांनी केला. हसण्याचा कुणी केला नाही.

दुसरी खोड म्हणजे ही बाई हरत नसे. जिंकायची असं नव्हे हं, फक्त हरत नसे. पोरांबरोबर सापशिडी खेळताना नव्याण्णवच्या सापानं गिळलं की म्हणणार, "आज राहू दे, उद्या खेळू," आणि पट तसाच सोंगट्यांसकट पलंगाखाली सरकवणार. त्यांच्या पलंगाखाली असे कितीक अर्धवट डाव धूळ खात पडलेले असत. एकदा झाडताना मी एक पट उचलला, तर केवढ्या ओरडल्या! "मोडू नको माय. डाव मोडला की समोरचा जाते." समोरचा कुठे जातो, मी म्हटलं. त्यांनी पट माझ्या हातून घेतला आणि परत पलंगाखाली सरकवला.

अशा बाईला भुलाबाईच्या दिवसांत काय चढत असेल ते तुम्हीच ओळखा. आमच्याकडे भोंडला, तशी इकडे भुलाबाई. भाद्रपदाच्या पुनवेला मातीचे भुलाबाई-भुलोजी मांडायचे आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुलींनी घरोघर जाऊन टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणायची. गाणी संपली की त्या घरची मुलगी खिरापतीचा बंद डबा आणते. बाकीच्यांनी तो हलवायचा, वाजवायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं तर वाटणी. नाहीच आलं तर सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "हरलो!" मग घरच्या मुलीनं मोठ्या तोऱ्यात डबा उघडायचा. ओळखलं किंवा हरलं, दोन्हींपैकी एक झालं की खेळ संपला आणि पोरी आपापल्या घरी.

नवरात्रात यवतमाळ सगळं दुर्गादेवीचं असतं. रोषणाई, देखावे, खेड्यापाड्यांतून लोटलेली माणसं, ऑटोला जागा मिळत नाही. त्या झगमगाटानं थकलेल्या आमच्या गल्लीची जत्रा मग कोजागिरीला भरते. गल्लीची दोन्ही टोकं बांबू आडवे लावून बंद, मधे मसाला दुधाची कढई, पाळणा, फुगे, आलूबोंड्यांचा गाडा, ज्वारीच्या धांड्यांचा मखर करून त्यात गल्लीची भुलाबाई. आणि मखराशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत आत्याबाई. कुणीही बंद डबा आणावा. त्यांनी ओळखलं तर खाऊ पोरींचा, नाही ओळखलं तर आणणारीला आत्याबाईंकडून लुगडं. लुगडं दरवर्षी तेच, घडी न मोडलेलं. लोकांनी काय काय नाही केलं! डब्यात डबा घातला, रव्यात शेंगदाणे पुरले, एकीनं तर हेल्मेटमध्ये करंज्या शिवून आणल्या. आत्याबाई कान लावत आणि म्हणत, "करंज्या. एक फुटली आहे."

फक्त एक गोष्ट मला खटकायची. गाण्यांना पोरी मखरापुढे गोल करून बसत, तेव्हा त्या गोलात आत्याबाईंची खुर्चीही असे आणि त्यांच्या डाव्या हाताची जागा मोकळी असे. नवी कुणी पोर तिथं टेकली की, "सरक बाई, थे जागा घेतलेली आहे." रुमाल नाही, टिपरी नाही, काही नाही. नुसती जागा. आणि गाणं रंगात आलं की आत्याबाई त्या मोकळ्या जागेकडे बघून तोंडातल्या तोंडात कडवं पुरं करत, जसं कुणी विसरलेल्याला आठवण करून द्यावी. मी तिकडे बघायचं टाळत असे.

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा नाशिकहून आला तो ठरवूनच. आई ऐंशीच्या पुढे गेलेली, एकटी राहते, उद्या पडली-झडली तर? घर विकायला काढायचं ठरलं, दिवाळीला तिकडेच न्यायचं ठरलं. "कोजागिरी होऊ दे," आत्याबाई म्हणाल्या. "आई, हे तू दरवर्षी म्हणतेस," तो म्हणाला, "आता ही शेवटची." त्यावर या बाईंनी भांडावं ना! चक्क मान डोलावून आत गेल्या. मला ते बघवेना. दुपारी त्यांच्याकडे गेले तर त्या वाती वळत बसल्या होत्या आणि डोळ्यांना पाणी. मी म्हटलं, "आत्याबाई, नाशिक काय परदेश आहे? तिथंही कोजागिरी असते."

"तिथं तिले घर कसं सापडन?" त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

मग त्यांनी सांगितलं. ही बाई आयुष्यभर दुसऱ्यांचे डबे उघडत आली, तिनं स्वतःचा त्या दिवशी उघडला. द्वारकी त्यांच्या लहानपणी याच गल्लीत, समोरच्या घरात राहायची. दोघींची जोडी, वय सात-आठ. द्वारकीच्या घरी खिरापतीची पाळी आली त्या दिवशी तिची आई तापानं फणफणलेली, चूल पेटलेली नव्हती. तरी पोरीनं डबा आणला, पितळेचा, एवढासा.

"सगळ्याइनं हलवला, वाजेच ना. मंग माह्या कानाशी आला. म्या ऐकलं. आत कापूस होता ठासून. वाजू नाही म्हणून. अन दुसरं काहीच नाही."

"मग?"

"मंग काय! पोरी लागल्या म्हणाले, हरलो, उघड! म्या तिचं तोंड पाह्यलं, सूनबाई. असं पांढरं झालतं. म्हटलं, कोणी हरलं नाही! खबरदार कोणी हरलो म्हटलं तं! मी उद्या ओळखतो. अन डबा तिच्या हातात देऊन तिले घरी धाडलं. दुसऱ्या दिवशी तिलेबी ताप. कोजागिरी काही पाह्यली नाही तिनं." त्यांनी वात वळून ताटलीत ठेवली. "डाव तसाच आहे. ना म्या ओळखलं, ना हरली. म्या उद्याचं सांगतलं होतं तिले. थे येईन डबा घेऊन अन मी नाशकात असीन, तं मंग?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवून बसले. पण मला आतून वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली, कारण त्यांच्या बोलण्यात वेड लागल्याची एकही खूण नव्हती.

कोजागिरी आली. चांद समोरच्या टाकीवर चढत होता, कढईला उकळी फुटली होती. आत्याबाईंच्या मांडीवर डबे ठेवायचं काम माझं. टेबलावरचा एकेक डबा उचलायचा, टॉवेलनं झाकायचा, द्यायचा. चिवडा झाला, अनारसे झाले, भिजवलेली चण्याची डाळ झाली. टेबल रिकामं झालं असं मला वाटलं आणि मी टॉवेल झटकायला वळले. परत बघते तो टेबलावर एक डबा. पितळेचा, एवढासा. उचलला तर गरम, नुकता चुलीवरून उतरवल्यासारखा. हलवला तर आवाज नाही. हाताला कापसाचे तंतू चिकटले. मी विचारलं, "हा कुणाचा गं?" पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणाचाच नाही.

टॉवेल घालायचंही मी विसरले. आत्याबाईंनी डबा बघितला आणि तो माझ्या हातून असा घेतला, जसं झोपलेलं मूल घ्यावं. डावा कान लावला. डोळे मिटले. पाळण्याचं करकरणं, पोरांचा गोंगाट, सगळं चालू होतं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं आणि त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "भरून आणला वं पोरी तिनं. यंदा भरून आणला!"

"काय आहे आई? सांग ना," त्यांचा मुलगा म्हणाला.

त्यांना कळलं होतं. शपथेवर सांगते, मी त्यांचे ओठ तो शब्द जुळवताना पाहिले. मग त्यांनी ओठ मिटले, डाव्या हाताच्या मोकळ्या जागेकडे वळल्या आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हरली! मी हरली बाई! उघड आता, तूच उघड."

गल्लीनं टाळ्यांचा पाऊस पाडला. आत्याबाई हरल्या म्हणजे काय चेष्टा! मी झाकणाला हात घालायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. "तू नको." तेवढ्यात कढईवरून दूध उतू गेलं, सगळ्यांनी तिकडे पाहिलं, मीही पाहिलं. परत वळले तेव्हा झाकण बाजूला होतं. कुणी काढलं ते मला विचारू नका. आत सांजोऱ्या होत्या, वाफाळत्या. डबा तो केवढा, पण ओळीतल्या शेवटच्या पोरीच्या हातावरही पडली. आत्याबाईंनी स्वतःची अर्धी खाल्ली आणि अर्धी मोकळ्या जागेपुढे ठेवली. लुगडं त्यांनी त्याच जागेवर नेऊन ठेवलं. सकाळी झाडलोट करायला गेले तेव्हा ते तिथं नव्हतं. जत्रेत काय, कुणीही उचलतं, असं माझा नवरा म्हणतो.

दिवाळीला त्या मुलाच्या गाडीत मुकाट बसल्या. जायच्या आधी पलंगाखालचे सगळे सापशिडीचे पट त्यांनी स्वतः काढले आणि सोंगट्या डबीत भरून गल्लीतल्या पोरांना वाटून टाकल्या.

यंदाच्या कोजागिरीला मखर झाला, गाणी झाली. एक छोटी पोर येऊन नेमकी त्या जागेवर बसली. 'सरक' हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता, पण मी तिच्या हातात टिपऱ्या दिल्या. बसली ती, छान गायली. मग मी त्यांना फोन लावला आणि तो पितळी डबा, जो न्यायला अजून कुणी आलेलं नाही, फोनपाशी धरून खुळखुळवला.

"ओळखा आत्याबाई."

"चिवडा?"

"नाही."

"फुटाणे? मुरमुरे? थांब, थांब... शेव?" एकही बरोबर नव्हतं. डाव्या कानालाही आता मोठ्यानं बोललेलंच काय ते ऐकू येतं, डॉक्टर वयाचं कारण सांगतात, असं मुलगा म्हणाला होता. मला वाटलं, आता 'उद्या सांगते' म्हणतील. पण पलीकडून सात वर्षांच्या पोरीसारखं हसू आलं. "हरली बाई! उघड."

इतकं आनंदानं हरलेलं मी कुणाला ऐकलं नाही. मी डबा उघडून आतले शेंगदाणे पोरींना वाटले. माझ्या माहितीतली जगावेगळी बाई आता तिकडे चार म्हाताऱ्यांसारखी एक म्हातारी झाली आहे, सुखात आहे, याचा मला आनंदच व्हायला हवा. आणि इकडे आमच्या गल्लीतले बाप्ये तिच्या रिकाम्या ओट्यापुढून आता गाडी हळू करतात, उगाच.