गुंतवळ

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझ्या डोक्यावर एक केस नव्हता. तरी घरात शॅम्पू कोणता आणायचा हे मीच ठरवलं.

माझी सून लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, सुताच्या बॉबीन भरायला जायची. गोडादऱ्यात, लूमवाल्यांच्या वस्तीत, आमची खोली, खातं तिथून चालत जाण्याइतकं जवळ. मुलगा हजीऱ्याला ठेक्यावर. कंपनीची बस त्याला पहाटे न्यायची आणि अंधार पडल्यावर आणून सोडायची. तेव्हा सुनेच्या केसांची काळजी करायला घरात मीच उरलो. हसणाऱ्यांनी हसावं. मी चौथी नापास माणूस, पण उभी हयात लूमवर गेली, आणि केस म्हणजे शेवटी धागाच.

तिचे केस दाट, कुरळे, मुळात कोरडे. आमच्या इमारतीला बोअरचं पाणी. त्यात फेस धरत नाही आणि बादलीला पांढरी खपली बसते. त्या पाण्यानं केसांचा ताग झाला. फणी फिरवली की मूठभर गुंतवळ. माझी आई गुंतवळ बोटावर गुंडाळायची, तिच्यावर थुंकायची, मगच टाकायची, कुणाच्या हाती पडू नये म्हणून. सून मात्र खिडकीच्या गजात खोचून ठेवायची. वाऱ्यानं ती हलायची. मी तिकडं पाठ करून जेवायचो.

एक दिवस ती फणी आपटून म्हणाली, "आबा, आते कापीच टाकस मी!"

"तुझ्या बहिणीचं लग्न तोंडावर आलंय. थांब, मी बघतो."

"तुमले काय समजस केसस्मा?"

"सूत समजस ना!"

घरात आम्ही अहिराणी बोलतो. बाकीचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो.

दुकानात गेलो, शॅम्पूच्या पुड्या मागितल्या. दुकानदार गुजराती. माझ्या डोक्याकडे बघून म्हणाला, "काका, तमारे वाळ क्यां छे?"

म्हटलं, "केस घरी ठेवून आलोय. तू पुड्या दाखव."

बाटली मी घेत नाही. बाटली चुकली तर ती संपेपर्यंत सोसावी लागते, पुडी चुकली तर एक अंघोळ वाया. एकेक अक्षर लावून पुड्या वाचल्या. कुठली तेलकट केसांची, कुठली कोंड्याची, कुठली कोरड्या केसांची. प्रत्येकातली एकेक घेतली, शिवाय कंडिशनरची एक. घरी येऊन वाट्यांत बोअरचंच पाणी घेतलं आणि गजातली गुंतवळ सोडवून थोडी थोडी प्रत्येक वाटीत धुतली. दोरीवर वाळत टाकली. शेजारीण दारातून बघून गेली आणि पुन्हा बघायला आली.

तेलकट केसांच्या पुडीनं केस करकर वाजायला लागले, होतं नव्हतं तेल निघून गेलं. कोंड्याच्या पुडीनंही तेच. कोरड्या केसांची पुडी बरी, त्यात ओलावा राहिला. आणि त्यावर कंडिशनर लावलेले केस तर रेशमासारखे बोटांतून निसटायला लागले. सवयीनं मी दोन केसांची गाठ मारली, तुटलेल्या धाग्याची मारतो तशी. गाठ आपोआप सुटली. पुन्हा मारली. पुन्हा सुटली. मला ते आवडलं नाही. पण काम तर झालं होतं, म्हणून सुनेला सांगितलं, हीच पुडी आणि वरून हे.

केस खरंच सुधारले. गुंतवळ निम्म्यावर आली. सून आरशापुढं रेंगाळायला लागली.

आणि अंबाडा घसरायला लागला.

पूर्वी तिचा अंबाडा बांधला की संध्याकाळपर्यंत तागाच्या गोळ्यासारखा घट्ट. आता सकाळी डोक्यावर असायचा, ती परत यायची तेव्हा मानेवर. ज्या खात्यात ती वाकून काम करायची तिथं बॉबीन मशीनचा दांडा कमरेच्या उंचीला फिरायचा. मी तिला डबा द्यायला गेलो तेव्हा बघितला होता. दांड्यात काही अडकू नये म्हणून असते ती वरची जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली. मी असे दांडे जन्मभर बघितलेत. दांडा ओढत नाही. गुंडाळतो. आणि गुंडाळायला लागला की कुणाचं ऐकत नाही.

मी म्हणालो, "कंडिशनर मुळाला लावू नको. नुसतं टोकांना लाव आणि स्वच्छ धुऊन काढ. कामावर वेणी घाल, वर फडकं बांध."

"आबा, गुंतले तरी बोलता, सुटले तरी बोलता!"

"सुटले तर बोलणारच."

"मग टकली सून आणायची होती. घराण्याला शोभली असती."

हसली आणि गेली. अंबाडा बांधूनच गेली. त्या दिवसापासून मी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी उभा राहायला लागलो. बायका घोळक्यानं यायच्या. मी आधी तिची मान बघायचो, मग तोंड. एकदा अंबाडा पाठीवर लोंबत होता. एकदा नव्हताच, केस मोकळे होते आणि ती बोलत चालली होती.

मग एका संध्याकाळी ती डोक्यावर ओढणी घेऊन आली. उकाडा असा, की मी बनियनसुद्धा काढून बसलो होतो. तिनं ओढणी सोडली नाही. भाकरी टाकली, मला वाढली, पण तोंड भिंतीकडेच. मी हात धुवायला उठलो तर खिडकीच्या गजात नवी गुंतवळ दिसली. काढून हातात घेतली. केसांत चमकता पॉलिस्टरचा धागा पिळून गेलेला, आणि केसांच्या टोकाला पांढरी मुळं.

"हे फणीतलं नाही," मी म्हणालो.

तिनं ओढणी आणखी पुढं ओढली.

"ओढणी काढ."

कानाच्या वर वाटीएवढी जागा उघडी होती. ओली.

"थोडेच गेले, आबा. शेजारच्या मशीनवरच्या बाईनं बटण मारून मशीन बंद केली म्हणून. शेठ म्हणाले, बाहेर बोललीस तर येऊ नको."

"जाळी?"

"जाळी लावली की काम हळू होतं म्हणतात. तुम्ही यांना सांगू नका."

"उद्या जाशील?"

"न जाऊन कसं चालेल?"

मी पुडीला दोष देत नाही. तिनं तिचं काम केलं. तसल्या केसांना आजही मी तीच पुडी सांगेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. सुनेला जखमेवर हळद लावायला लावली, वेणी घालून वर फडकं बांधायला लावलं, आणि तिच्या पुढं चालत खात्यात गेलो. मशिनी अजून बंद होत्या. एक रिकामी पेटी ओढून मी तिच्या मशीनच्या बटणापाशी ठेवली आणि बटणाला पाठ लावून बसलो. शेठ आला, म्हणाला, "काका, उठा, कामाची वेळ झाली." मी भिंतीला टेकवलेल्या जाळीकडे बोट दाखवलं आणि तसाच बसून राहिलो.