जुमला दुरुस्त, बात झूट

तो शब्द मला मिळाला त्या दिवशी मी शाळेपासून घरापर्यंत पळत आले, आणि वाटेत जो भेटेल त्याला तो ऐकवत आले. पानवाल्याला ऐकवला, पाणक्याला ऐकवला, देवळापुढं बसलेल्या म्हाताऱ्यालाही सोडलं नाही. इनेव्हिटेबल! अहाहा, काय भरगच्च शब्द! तोवर आमचं इंग्रजी म्हणजे कॅट, रॅट आणि फार तर अंब्रेला. हा शब्द म्हणताना तोंड कसं भरून यायचं!

निजामाचं राज्य होतं. नांदेडला आमच्या मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत मराठी, आणि पुढं सगळं उर्दूत. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत, एवढंच काय, इंग्रजीसुद्धा उर्दूतून. इंग्रजीला हैदराबादहून आलेल्या एक उस्तानी होत्या. पडदा लावलेल्या टांग्यातून यायच्या, वर्गात आल्या की बुरखा खुंटीला अडकवायच्या आणि छडी हातात घ्यायच्या. त्यांनी फळ्यावर शब्द लिहिला आणि म्हणाल्या, "इनेव्हिटेबल. यानी नागुज़ीर."

साऱ्या पोरींनी माना डोलावल्या. आता नागुज़ीर म्हणजे तरी काय, हे कुणाला ठाऊक होतं! एक कुलूप उघडायला हातात दुसरं कुलूप दिल्यासारखं झालं. मी पहिल्यापासून तोंडाळ. उभी राहिले आणि विचारलं, "उस्तानी, नागुज़ीर यानी क्या?" आता छडी बसते, असं मागच्या बाकावरच्या धरूनच चालल्या होत्या. पण त्या हसल्या. "जो टल नहीं सकता, बेटा. कुछ भी करो, हो के रहता."

टळत नाही ते! डोक्यात असा लख्ख उजेड पडला की बस. एवढीशी गोष्ट, आणि तिच्यासाठी इंग्रजांनी केवढा थोरला शब्द करून ठेवला होता.

वडील तहसील कचेरीत कारकून होते. त्यांना सांगितलं तर ते खूश. "नागुज़ीर? अगं, रोज लिहितो मी तो!" मग आम्ही बापलेकींनी त्या शब्दाचा नुसता धुमाकूळ घातला. वडील कचेरीतून उशिरा आले की टोपी काढता काढता आईला म्हणायचे, "क्या करें हुजूर, नागुज़ीर था." की मी मागून ओरडायची, "इनेव्हिटेबल!"

आई शाळेचं तोंड न पाहिलेली. माहेर लातूरचं, बोलणं रोखठोक. एकदा दूध उतू गेलं. मी चुलीपाशीच बसले होते, पण गप्पा मारत. आई धावत आली तर मी हात वर करून म्हटलं, "इनेव्हिटेबल!" तिनं विचारलं, म्हणजे काय? मी सांगितलं, काहीही केलं तरी जे टळत नाही ते.

"असं का? आणि लक्ष ठेवलं असतं तर गेलं असतं का गं दूध?"

"नाही."

"मग तुझा तो शब्द इथं चालायचा न्हाई. हा तुझा आळशीपणा हाय. ऊठ, चूल पूस."

घ्या! अक्षर न येणाऱ्या बाईनं माझी चूक काढली! अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी चंगच बांधला की हिला एकदा तरी हा शब्द कबूल करायला लावायचाच. बाभळीला अडकून परकर फाटला, इनेव्हिटेबल! "बांधाबांधानं आली असतीस तर टळलं असतं." पाटी फुटली, इनेव्हिटेबल! "पाटीवर बसून घसरगुंडी कोण करून राहिली होती?" वडिलांचा उशीरही तिनं पास केला नाही, पान खायला थांबले नसते तर टळला असता म्हणे. आईच्या कसोटीला काही म्हणजे काही उतरत नव्हतं. गोदावरीचा पूर तेवढा तिनं मान्य केला. आणि दुसरी एक गोष्ट मान्य केली, ती मात्र लगेच, हात जोडून. देवी.

देवी म्हणजे तो फोडांचा आजार. आमच्याकडं त्याला आजार कुणी म्हणत नसे. घरात देवी आल्या म्हणायचं, दाराला निंबाचा डहाळा लावायचा, फोडणी बंद करायची आणि त्यांनी शांतपणे जावं म्हणून हात जोडून बसायचं. आईच्या तोंडावर वण होते, वडिलांच्या होते, माझ्या तर ऐन नाकावर होते. मला आल्या तेव्हाच माझ्या थोरल्या भावालाही आल्या होत्या. मी वाचले, तो गेला. मला तो आठवतसुद्धा नाही. आई त्याचं नाव काढायची ती फक्त माहूरच्या रेणुकेला हात जोडताना, आणि म्हणायची, "आईनं एक नेलं, एक ठेवलं. तिच्यापुढं आपलं काय चालतंय?"

तर उस्तानींनी त्या शब्दावर जुमले, म्हणजे वाक्यं, करून आणायला सांगितले. बाकीच्यांनी मरण आणलं, म्हातारपण आणलं, सूर्योदय आणला. माझा जुमला घरातून पास होऊन आलेला! मी छाती काढून उभी राहिले आणि ठणकावून म्हटलं, "स्मॉलपॉक्स इज इनेव्हिटेबल."

वर्गात कुणाला स्मॉलपॉक्स शब्द माहीत नव्हता. मी तो वडिलांकडून खास मिळवला होता. आता शाबासकी येते म्हणून मी वाट बघत होते. उस्तानींचा चेहरा एकदम उतरला.

"जुमला दुरुस्त है," त्या म्हणाल्या. "बात झूट है."

आता असं कसं? जुमला बरोबर असेल तर बरोबर! मी हुज्जत घालायला लागले. आमच्या घरात सगळ्यांना आल्या, शेजारी आल्या, गल्लीत आल्या, मग टळल्या कुठं? उस्तानींनी डाव्या हाताची बाही वर सरकवली. दंडावर देवी टोचल्याचे गोल, चपटे वण होते.

"बचपन में मेरे कू टीका लगा था. बाद में मेरी बहन कू चेचक निकली. मैं उसी के पलंग पो सोती थी. मेरे कू कुछ नहीं हुआ."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. रोज बघत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एक वण नाही! लोण्यासारखं तोंड! आणि मला जो काही राग आला म्हणता! "मग माझं नाक?" मी भर वर्गात मराठीतच ओरडले. "माझं नाकसुद्धा असं राहिलं असतं?"

सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. उस्तानी हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "घर में कोई छोटा है?"

होती. माझी बहीण, बाळी. नुकती रांगायला लागलेली, गोरीपान, गालाला खळ्या पडणारी. तिच्या तोंडावर अजून काहीच नव्हतं. आणि पलीकडच्या गल्लीत त्याच आठवड्यात दोन दारांना निंबाचे डहाळे लागले होते.

शाळा सुटली तशी मी पळत घरी आले, आणि या वेळी वाटेत कुणाला काही ऐकवायला थांबले नाही.

इथं एक सांगायला पाहिजे. देवी काढायला, म्हणजे लस टोचायला, सरकारी माणूस आमच्या गल्लीत दरवर्षी यायचा. खाकी टोपी, हातात पत्र्याची पेटी. आणि तो आला की गल्लीतल्या बायका लेकरं लपवायच्या. कुणी माळ्यावर, कुणी धान्याच्या कणगीत, कुणी पदराखाली घेऊन मागच्या दारानं थेट नदीवर. देवीच्या वाटेत आडवं पडलं तर ती दुप्पट कोपते, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. तो येताना दिसला की कोपऱ्यावरून पळत येऊन "पाहुणे आले, पाहुणे आले!" अशी हाळी द्यायची, हे काम कुणाचं? माझं! गल्लीत माझ्याएवढा खणखणीत आवाज कुणाचा नव्हता, आणि त्या कामाचा मला भारी तोरा होता.

आता तीच मी आईपुढं उभी राहून सांगत होते, की बाळीला टोचून घ्यायचं. उस्तानींचा दंड सांगितला, बहीण सांगितली, पलंग सांगितला. श्वास घ्यायलासुद्धा थांबले नाही. आई भाकरी थापत होती. थापतच राहिली.

"तूच म्हणतेस ना, टळणारं असलं तर तो शब्द चालायचा नाही? मग आई, हे टळतंय! देवी टळतात! इनेव्हिटेबल नाहीत त्या!"

"तोंड आवर. देवीला असं बोलू न्हाई."

मी वडिलांकडं बघितलं. शब्दाच्या खेळात ते नेहमी माझ्या बाजूनं असायचे. ते भिंतीकडं बघत म्हणाले, "मी मागं एकदा बोलून बघितलंय, बाई," आणि चपला घालून बाहेर गेले. मला काही कळलं नाही. माझा नुसता संताप झाला. एवढा खरा जुमला, आणि ऐकायला कुणी तयार नाही! मी दोन दिवस आईशी बोलले नाही. तिनं मात्र त्या दोन दिवसांत बाळीला एकदाही खाली ठेवलं नाही.

आणि तो आला. मी कोपऱ्यावर होते, खाकी टोपी मला लांबूनच दिसली.  हाळी द्यावी तर बाळी लपणार, न द्यावी तर सगळ्या गल्लीशी दगा. मी हाळी दिली नाही. तोंड मिटून घरात धावले आणि आईला हळूच म्हटलं, "आले."

आईनं बाळीला उचललं आणि सरळ कणगीपाशी गेली. कणगी अर्धी रिकामी होती. तिनं वरची चवाळी बाजूला केली, आणि बाळीला कडेवर घेऊन तशीच थांबली. आत बघत राहिली.

"ह्याच्यातच ठेवलं होतं त्याला," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"तुझे वडील म्हणत होते, टोचून घेऊ. मीच ऐकलं न्हाई. लई शहाणं होतं गं. रडलं न्हाई, खोकलं न्हाई, तो माणूस जाईतोवर आत गुपचूप बसून राहिलं. आणि बाहेर काढल्यावर हसलं."

बाहेर खाकी टोपीवाल्याची हाक ऐकू यायला लागली होती. एकेक दार धडाधड लागत होतं. आईनं माझ्याकडं तोंड वळवलं. तो शब्द ती स्वतः कधीच म्हणत नसे, 'तुझा तो शब्द' एवढंच म्हणायची. त्या दिवशी ती पहिल्यांदा अख्खा म्हणाली.

"खरं सांग. त्याचं इनेव्हिटेबल होतं का गं?"

 नव्हतं, हेच तर माझं सगळं म्हणणं होतं. दोन दिवस तेच तर ओरडून सांगत होते मी, की टळतंय, टळतंय! उत्तर जिभेवर तयार होतं, बरोबर होतं, उस्तानींनी शाबासकी दिली असती. आणि आई बाळीला घट्ट धरून माझ्याकडं बघत होती.

"हाव, आई," मी म्हटलं. "त्याचं इनेव्हिटेबल होतं. तेव्हाचा टीका चांगला नव्हता. आता नवा निघालाय. उस्तानींनी सांगितलं."

 आईनं चवाळी कणगीवर पुन्हा नीट घातली, पदर खोचला, आणि पुढचं दार उघडून ओट्यावर गेली. सगळ्या गल्लीच्या देखत! दारांच्या फटींतून सगळ्या बघत होत्या. आणि आमची आई, जिला परक्या पुरुषाशी बोलताना कधी कुणी ऐकलं नव्हतं, ती ओट्यावर उभी राहून ओरडली, "ओ देवीवाले! इकडं या! आधी इथं!"

माझा आवाज कुणाकडून आलाय, ते त्या दिवशी गल्लीला कळलं.

बाळीनं टाहो फोडला. मी तिचे पाय धरले होते आणि आनंदानं मीही रडत होते. समोरच्या काकूंनी दार उघडलं, मग त्यांच्या शेजारच्या जावांनी. सगळ्यांनी नाही, पण उघडली. वडील आले तेव्हा बाळीचा दंड सुजून तांबडा झाला होता, अंगात ताप होता. त्यांनी दंड बघितला, आईकडं बघितलं, आणि त्या दिवशी ते नागुज़ीर वगैरे काही म्हणाले नाहीत. बाळीला मांडीवर घेऊन बसून राहिले.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतही निंबाचे डहाळे लागले. आमच्या दाराला लागला नाही. बाळी मोठी झाली ती अशी देखणी, की आरशापुढून हलायची नाही, आणि मी तिला म्हणायची, ते नाक माझ्यामुळं आहे, विसरू नकोस!

शाळेत उस्तानींनी विचारलं तेव्हा मी टोचून घेतल्याचं सांगितलं. कणगीपाशी आईला सांगितलेला दुसरा जुमला मी त्यांना सांगितला नाही. त्यांनी तो एका झटक्यात ओळखला असता.

आणि आईनं? त्या शब्दाच्या बाबतीत आईनं मला कधी सूट दिली नाही. दूध, परकर, पाटी, प्रत्येक वेळी मला पकडलं. पुढं माझं लग्न झालं, लेकरं झाली, तरी पकडत राहिली, माहेरी यायला उशीर झाला आणि मी इनेव्हिटेबल म्हटलं, की लगेच, "लवकर निघाली असतीस तर टळलं असतं." तो एक जुमला तेवढा तिनं कधी तपासला नाही. मी दिला तसाच घेतला.