सारखा उचलून पाहिलेला रुमाल

रविवारी शिरवणे गावची मासेवाली मावशी पापलेट घेऊन दारात बसली, तेव्हा मी म्हटलं, "आज मी कापतो." मासे विकणाऱ्या बाईनेच ते कापून द्यायचे, हा आमच्या नेरुळच्या इमारतीतला रिवाज. पण दुसऱ्या दिवशी बायकोची तोंडी परीक्षा होती आणि घरकामात मदत केल्याचं पुण्य मला पदरात पाडून घ्यायचं होतं.

"राहू दे दादा, मावरं निसरडं हाय," मावशी म्हणाली. तरी मी मासा विळीवर धरला. पापलेट शाबूत राहिलं, अंगठा कापला.

मावशीने मासा ओढून घेतला. बायकोने माझा अंगठा नळाखाली धरला, धुतला आणि त्यावर स्वच्छ रुमाल दाबून मला खुर्चीत बसवलं. मग समोर पुस्तक उघडून बसली. रक्त तपासण्याचा अभ्यासक्रम ती लग्नानंतर, दोन पोरं शाळेत गेल्यावर करत होती. पास झाली, तर वाशीच्या एका दवाखान्यात नोकरी ठरलेली होती. मागच्या खेपेला ती तोंडी परीक्षेत रक्त गोठण्याच्या प्रश्नावरच अडकली होती. या वेळीही अडकली असती, तर दवाखाना काही थांबणार नव्हता.

मी रुमाल उचलला. रक्त आलं. पुन्हा दाबला, थोड्या वेळाने पुन्हा उचलला.

"अहो, काय चाललंय?"

"थांबलं का बघतोय."

"झाकण काढकाढून भात शिजतो का? आत्ता कुठे धरलेली गाठ तुम्ही रुमालाबरोबर उपटून काढताय."

मी ओशाळून म्हटलं, "मग आत काय चाललंय ते तरी सांग." खरं तर मला लक्ष दुसरीकडे वळवायचं होतं. रक्त बघून मला गरगरतं, हे मी पोरांना कळू दिलं नव्हतं.

ती सांगायला लागली. जखम झाली की रक्तातले आकड्यांनी ओळखले जाणारे घटक एकमेकांना कापत एकामागून एक जागे होतात आणि शेवटी रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन थोडंसं तयार होतं. अगदी थोडं. एवढ्याने काही भागत नाही.

"मग?"

इथे ती थांबली. पुस्तकातल्या आकृतीत शेवटून वर जाणारे बाण होते आणि तिथेच तिची गाडी अडायची. मी म्हटलं, "शेवटी आलेला वर कशाला जातो? आपल्याकडे पाणी आल्यावर जातात तसा?"

आमच्या इमारतीत पाणी कधी येईल याचा नेम नसे. ज्याच्या नळाला आधी येई, तो बादली तशीच ठेवून जिने चढे आणि दारं वाजवी.

तिने पुस्तक जवळ ओढलं. मग बाणावर बोट ठेवून म्हणाली, "तसाच. थ्रॉम्बिन मागे जाऊन आठव्याला आणि पाचव्याला उठवतं. ते दोघं स्वतः कापाकापी करत नाहीत, करणाऱ्यांना हात देतात. आठवा नवव्याला, पाचवा दहाव्याला. मग कामाला असा वेग येतो, की थ्रॉम्बिनचा लोंढाच. बिंबिकांनाही, म्हणजे प्लेटलेट्सनाही, तेच चेतवतं."

"आणि गाठ?"

"रक्तात विरघळलेलं फायब्रिनोजेन असतं. त्याचे छोटे तुकडे थ्रॉम्बिन कापून टाकतं. उरतात त्या धाग्यांचं एकमेकांना चिकटून जाळं होतं. जाळं कच्चं राहू नये म्हणून तेराव्यालाही तेच उठवतं. तो टाके घालतो."

मी अंगठ्याकडे बघतच राहिलो. मी एक काप दिला आणि घर डोक्यावर घेतलं. आत कुणीतरी मोजून मापून काप देत होतं आणि त्यातून जखम शिवली जात होती. माझ्यासारख्या माणसाच्या अंगात इतकं शहाणं काही राहतं, याचा मला अभिमानच वाटला. पण त्याहून जास्त कौतुक वाटलं ते समोर बसलेल्या बाईचं. ती आता पुस्तक मिटून बोलत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बसथांब्यावर उभा होतो, अंगठ्याला पट्टी. ती उतरली आणि माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न तिला कळला.

"विचारलं," ती म्हणाली. "आठव्याला कोण उठवतं, तेच. सगळं सांगितलं, तेराव्यापर्यंत. परीक्षक हसून म्हणाले, बस झालं, पास झालात, घरी जा."

मी तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला. पट्टी एका बाजूने सुटून लोंबत होती. ती चालता चालता थांबली.

"अहो, परत उघडून बघितलंत ना?"