एकशेसाठ चादरींची वाट

गुरुसिद्धप्पा अंतर चादरींत मोजतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत पस्तीस वर्षं चादरी विणल्यावर मीटर-फूट डोक्यात शिरत नाहीत म्हणे. त्यांच्या दारापासून नात काव्याची शाळा एकशेसाठ चादरी.

मी त्यांचा शेजारी गोपाळ, निवृत्त कारकून. मला रेंगाळणारी माणसं सोसत नाहीत, आणि बाजाराला सोबत निघालो की हे दर चाळीस चादरींवर कुणाशी तरी गप्पा मारायला थांबायचे. निम्म्या वाटेवर कुंडलिक टेलरचं दुकान, तिथं तर ठिय्याच. मी वर्षानुवर्षं मनात चरफडलो.

पोटरी धरते म्हणून ते थांबायचे, हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. मागावर उभं राहणाऱ्या सगळ्यांचेच पाय दुखतात, त्यात सांगायचं काय? जानेवारीत बायपास झाली, तेव्हा डॉक्टरांनी पायांचं विचारलं तर ‘ते मागाचं दुखणं’ म्हणून यांनी उडवून लावलं.

छाती झकास सावरली. पण ज्या पायातली शीर काढून हृदयाला जोडली, त्या पायाची जखम दोन महिने भरेना. मग डॉक्टरांनी पावलाची नाडी चाचपली, घोट्याला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. हृदयासारख्याच पायाच्याही धमन्या अरुंद झाल्या होत्या. खाली रक्तच पुरेसं पोचत नव्हतं. औषधं वाढली, बिडी सुटली. जखम भरल्यावर हुकूम आला: दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं शमलं की पुन्हा चाला.

पण नवरा वाटेत थांबला की चंद्रव्वावहिनींना वाटे, हृदयच थांबलं. त्या त्यांना उंबरा ओलांडू देईनात. इकडे ऑपरेशनला जाताना त्यांनी काव्याला शब्द दिलेला, पहिलीच्या पहिल्या दिवशी मीच सोडणार. तो मोडणार असं दिसू लागलं, आणि मला माझ्या चरफडण्याची लाज वाटली. रोज सोबत जातो म्हणालो, तेव्हा कुठे वहिनींनी सोडलं.

चाळीस चादरी, मग पन्नास, मेअखेर थेट कुंडलिकनं मांडलेल्या स्टुलापर्यंत. मी हळू चालायला शिकलो. फार जड गेलं.

जूनमध्ये शाळा उघडली. काव्या आजोबांचं बोट धरून मोजत निघाली. कुंडलिकनं स्टूल पुसून ठेवलेलं. गुरुसिद्धप्पा सरळ पुढे गेले.

कुंडलिक बिचारा हिरमुसला. “रागावलास व्हय माझ्यावर?”

“न्हाय रे,” ते चालता चालता म्हणाले, “पाय थांबंना की.”

माझे डोळे भरून आले. पुढे एकदाच थांबले, पोटरी चोळली, निघाले. फाटकाशी काव्या म्हणाली, “अज्जा, एकशेसाठ,” आणि मागे न बघता आत पळाली.

परतताना कुंडलिकच्या दुकानाशी ते स्टुलावर बसले. मी घाबरून विचारलं, पाय दुखतोय का?

“न्हाय. गप्पा मारायच्यात.”

मी चरफडलो नाही. तिघांचा चहा सांगितला.