मितालीदींनी केलेला रजेचा फॉर्म

मंडळी, आज मी ऑफिसात हरले आणि अजून हसतेय.

कोलकात्यात सॉल्ट लेकच्या आमच्या ऑफिसात रजेच्या अर्जांसाठी नवं सॉफ्टवेअर निवडायचं होतं. माझा हट्ट मोठ्या बीपीएम टूलचा, म्हणजे कामाचा प्रत्येक टप्पा आखून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा. आराखड्यावर तीन आठवडे खपले होते. ॲडमिनच्या मितालीदींनी लो-कोडवर, जवळजवळ कोड न लिहिता, दोन दुपारींत फॉर्म करून आणला.

माझ्या आराखड्यात अर्ज थेट साहेबांकडे जायचा. मितालीदींच्या फॉर्ममधून तो आधी तुमचं काम सांभाळणाऱ्याकडे जातो. "दुर्गापूजेच्या रजेला आम्ही आधी एकमेकांनाच विचारतो," त्या म्हणाल्या. साहेबांनी तिथेच लो-कोड ठरवलं.

मी लगेच गणपतीची रजा टाकली, काम सांभाळायला मितालीदींचं नाव घातलं. मिनिटात होकार आला: "आणि पूजेत माझं काम तू बघशील ना?"

तुमच्याकडे टूल निवडताना ते वापरणाऱ्यांना कुणी विचारतं का?