सरांच्या फोटोवरचा हार

आमच्या दुकानात कोरं पान कोणी उघडत नाही. चिखलीत पत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन करून देणाऱ्या बहुतेक दुकानांत हीच रीत आहे. गिऱ्हाईक शेजारी स्टुलावर बसलेलं असतं, त्याला घाई असते, आणि आपण जुनी फाइल उघडून तिच्यातला फोटो आणि नाव बदलतो. वाढदिवसाची फाइल अभिनंदनाला चालते, अभिनंदनाची सत्काराला. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "नवीन करत बसशीन तं गिऱ्हाईक उठून जाईन. कोनतीच फाइल मिटवायची नाही. सगळं लागते."

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती प्रत्येक काम दोनदा सेव्ह करायची. मोबाइलवर पाठवायची जेपीजी हलकी असते, रंग चकचकीत दिसतात, पण ती फक्त पाहण्यापुरती. छपाईची पीडीएफ जड. तिच्यात रंग छपाईच्या शाईप्रमाणे बदलून घ्यावे लागतात, नाहीतर पडद्यावरचा भगवा फ्लेक्सवर विटकरी उतरतो. अक्षरांचेही आकार करून टाकावे लागतात, कारण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपला फॉन्ट नसला की नावाच्या जागी भलतीच चिन्हं येतात. मला हे काम आवडतं. माझी आई अजून दुसऱ्याच्या वांग्या-मिरचीत खुरपायला जाते, आणि मी पंख्याखाली खुर्चीवर बसून कमावते. हे ज्यांच्यामुळे झालं ते आमचे अमडापूरचे हेडमास्तर. दहावीनंतर माझं लग्न ठरवायची बोलणी चालू होती, तेव्हा सर आमच्या ओट्यावर येऊन बसले. चहा घेतला नाही, पाणी घेतलं नाही. मला पुढे शिकवायला बाबांनी हो म्हटल्यावरच उठले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली.

त्या सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या पटांगणात सत्कार ठरवला आणि स्टेजमागचा फ्लेक्स करायचं काम माझ्याकडे आलं. मी फोटो घ्यायला घरी गेले तर सरांच्या बायको, आमच्या काकू, फोटो द्यायला तयार होईनात. सरांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन ते नुकतेच घरी आले होते, आणि तेव्हापासून काकू देवाजवळचा दिवा विझला तरी दचकत होत्या.

"मोठा फोटो नको वो लावू," त्या म्हणाल्या. "एवढे मोठे फोटो कोनाचे लावतात, मले मालूम हाये."

"काकू, जिवंत माणसांचे फोटो चौकाचौकात लागतात आजकाल. काही होत नाही."

"होत नाही म्हनतं? तू शिकेल हायेस, तू सांगतं म्हनून देतो." त्यांनी फोटो पदरानं पुसून माझ्या हातात दिला.

दुकानात येऊन मी जुन्या फाइली चाळल्या. एका फाइलीत सोनेरी अंडाकृती चौकट फार सुरेख होती. मी तीच घेतली. चौकटीत सरांचा फोटो बसवला, मजकूर बदलला, जेपीजी करून जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी हात जोडल्याची चिन्हं पाठवली. एवढ्यात बुलढाण्याहून फ्लेक्सच्या मशीनवाल्याचा फोन आला की रोल चढवलाय, फाइल टाका. एरवी मी पीडीएफ परत उघडून पाहते. त्या दिवशी तशीच पाठवली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्याच मशीनवाल्याचा फोन आला. "ताई, माल अमडापूरच्या गाडीत टाकून देला. कंडक्टरले सांगतलं हाये." मी बरं म्हणून ठेवणार, तोच तो म्हणाला, "सर कवा गेले वो? घरी आनलं असं आयकलं होतं ना?"

"कोण गेलं?"

"अवो, फोटोले हार हाये ना."

मी फाइल उघडली. पडद्यावर हार नव्हता. मग लेअरची यादी उघडली. एकावर एक काचा ठेवाव्यात तसे चित्राचे थर असतात, त्यांना लेअर म्हणतात. प्रत्येक लेअरपुढे दोन खुणा असतात, डोळ्याची आणि प्रिंटरची. डोळा बंद केला की लेअर पडद्यावर दिसत नाही. पण प्रिंटर चालू राहिला तर तो छापताना येतो. ती चौकट मुळात श्रद्धांजलीच्या फ्लेक्सची होती. तिच्यावरचा झेंडूचा हार भाऊंनी कधीतरी डोळा बंद करून झाकून ठेवला होता, पुन्हा लागेल म्हणून. जेपीजी करताना मी समोर दिसत होतं तेवढंच निवडलं होतं, म्हणून ग्रुपवर तो कोणाला दिसला नाही. पीडीएफ मात्र अख्ख्या पानाची झाली होती. आणि चौकट तीच असल्यामुळे हार सरांच्या फोटोवर मोजून घातल्यासारखा बसला असणार.

सगळी तयारी पाहणारा आमच्याच वर्गातला एक जण होता. त्याचा फोन नुसता वाजत राहिला. मी भाऊंची स्कूटी काढली.

अमडापूरच्या रस्त्यावर मी शेकडो वेळा गेले असेन, पण त्या दिवशी रस्त्याकडेला लागलेला प्रत्येक फ्लेक्स मला सरांचा वाटत होता. हसणारे, गॉगल लावलेले चेहरे, आणि मी त्यांच्या गळ्याकडे पाहत होते. पुढे लाल गाडी दिसली की वेग वाढवायचे. जवळ गेल्यावर ती दुसऱ्याच गावाची निघायची. डोळ्यांसमोर फक्त काकू येत होत्या. त्या पटांगणात शिरतील, मान वर करतील. सरांचं काय होईल याची भीती होतीच. पण काकूंचं जे होईल ते माझ्या शब्दामुळे होईल. तू सांगतं म्हणून देतो, असं म्हणाल्या होत्या त्या.

स्टँडवर गाडी उभी होती. कंडक्टर चहा पीत होता. "ती गुंडाळी ना? घेऊन गेले शाळेतले," तो म्हणाला.

पटांगणात पोहोचले तेव्हा फ्लेक्स वर चढला होता. एक कोपरा अजून लोंबत होता आणि आमचा वर्गमित्र दोरी हातात धरून तसाच उभा होता. स्टेजसमोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि पहिल्या रांगेत एकटे सर बसले होते. शाळेत असतानाही ते घंटेच्या आधी यायचे. ते वर पाहत होते. स्वतःच्या हार घातलेल्या फोटोकडे.

मी स्कूटी कशी लावली ते आठवत नाही. सरांजवळ जाऊन उभी राहिले.

"तू केलं का हे?"

"हाव सर."

त्यांनी पुन्हा वर पाहिलं. "हार नेमका बसला," ते म्हणाले. मग वर्गमित्राकडे वळले. "तू काऊन पुतळा झाला बे? उलटा कर तो. तुह्या काकू निघाल्या घरून."

फ्लेक्सची मागची बाजू पांढरी असते. आम्ही दोघांनी दोऱ्या सोडल्या आणि उलटा करून पुन्हा बांधला. शेवटची गाठ मारत होतो तेव्हा काकू फाटकातून आल्या. नवं लुगडं, हातात ओवाळायचं ताट. त्यांनी पांढऱ्या फ्लेक्सकडे पाहिलं.

"फोटो काऊन नाही लावला?"

"तूच तं नको म्हने," सर म्हणाले.

काकू माझ्याकडे आल्या आणि पाठीवरून हात फिरवला. "आयकलं पोरीनं माह्यं." मी खाली पाहिलं.

वाटलं, सुटलो. पण लोक जमले, भाषणं सुरू झाली, आणि ऊन स्टेजच्या मागच्या बाजूला उतरलं. पांढऱ्या फ्लेक्सवर आधी एक पिवळट डाग उमटला. मग त्याला वळण आलं. उजेड मागून आरपार येत होता आणि उलटा हार हळूहळू दिसायला लागला होता. काकू स्टेजवर सरांच्या शेजारी बसल्या होत्या, पाठ त्याच्याकडे करून. एकदा मान वळवली असती तरी पुरे होतं.

मी वर्गमित्राला खूण केली. मंडपवाल्याची ताडपत्री ओढत आम्ही मागे गेलो. बांधायला तिथे काही नव्हतं. मग दोघांनी दोन टोकं धरून ती फ्लेक्सच्या पाठीशी उभी केली.

"दिसते का अजून?" तो कुजबुजला.

"मले काय मालूम? मी बी इकडंच हावो."

सरांचा सत्कार मी पाहिला नाही. तो मी ताडपत्रीमागून ऐकला. माझे दंड भरून आले होते आणि सर बोलत होते. एका वाक्याशी ते थांबले. खोकला आला. मग काहीच ऐकू येईना. माझ्या तोंडासमोर ताडपत्रीपलीकडे तो हार होता आणि त्याच्यापलीकडे सर, आणि मी त्यांच्या पुढच्या शब्दाची वाट पाहत होते. ती शांतता किती लांब होती ते मला सांगता येणार नाही. मग पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि सर म्हणाले, "हं, तं काय सांगत होतो?" लोक हसले. ताडपत्रीचं टोक माझ्या हातातून सुटता सुटता राहिलं.

जाताना सरांनी मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, आता रागावतील.

"ती फाइल ठेवजो," ते हळूच म्हणाले. "लागनारच हाये कधी तं. फोटो चांगला आला त्याच्यात."

दुसऱ्या दिवशी दुकानात मी फाइल उघडली. फोटो आणि चौकट ठेवली, हाराचा लेअर काढून टाकला आणि सेव्ह केली. भाऊ मागेच उभे होते.

"काऊन काढला? चांगला हार होता. लागते तो."

"लागला तं नवीन करीन, भाऊ. कोऱ्या पानावर."

आता कुठलीही पीडीएफ मी उघडून पाहिल्याशिवाय पाठवत नाही. सरांची फाइल अजून तशीच आहे, हाराशिवाय. अमडापूरहून फोन आला की माझा हात आधी थांबतो, मग उचलते. अजून तरी प्रत्येक वेळी कोणाच्या तरी बारशाचं नाहीतर लग्नाचंच काम निघालं आहे.