किलवरच्या सत्तीचा घागरा

संग्रहालयात जुने कागद सांधणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे खळकाका म्हणत. अंगाला कायम खळीचा वास; हात मिळवला तर सोडवून घ्यावा लागतो, अशी थट्टा चाले. नियमाला मात्र कडक. फाटलं तिथे नवा कागद जोडायचा, साधा रंग द्यायचा, चित्र काढायचं नाही. "आपण डॉक्टर!" नाकातून आवाज काढत ते सांगत. "जखम बांधायची. पेशंटला नवं नाक बसवायचं न्नाही!"

तीस वर्षांत हा नियम त्यांनी एकदाच मोडला. दोनशे वर्षांपूर्वीचा पत्त्यांचा जोड दुरुस्तीला आला होता. पानापानावर परदेशी माणसं, आपापल्या मुलखाच्या पोशाखात. किलवरच्या सत्तीवरच्या बाईचा घागरा आणि बराचसा अंगरखा तेवढा कसरीनं खाल्लेला. बिचारीला उघडी कशी ठेवायची? काकांनी अंगरखा पुरा केला, घागरा रंगवला, त्याच्या काठाला वेल काढली. इतकी बेमालूम की कुणाला पत्ताच लागला नाही, आणि काका मनातल्या मनात टम्म फुगले.

परवा त्या पत्त्यांचं प्रदर्शन लागलं. काका बायकोला घेऊन गेले. सत्तीपुढे एक परदेशी पाहुणी वहीत ती वेल उतरवत होती.

"आमच्या आजीच्या मुलखातला पोशाख हा," ती काकांना म्हणाली. "घरं जळली, चिंधीसुद्धा उरली नाही. लेकीच्या लग्नाच्या झग्यावर हीच वेल भरणार."

बायकोनं काचेला नाक लावलं. मग काकांच्या कानाशी लागली. "अहो, ही तर आपल्या उशीच्या अभ्र्यावरची! माझ्या हातची!"

"हळू बोल गं."

"हळूच बोलतेय. त्या पोरीला काय आपला अभ्रा घालून लग्नाला उभी करणार?"

काकांचे कान तापले. "बाई," ते कसेबसे म्हणाले, "घागरा... मी काढलाय. मनानं."

पेन्सिल थांबली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "मग हिच्यात खरं काय आहे?"

काकांनी बोटानं दाखवलं. एक बाही. गळ्याजवळची तीन बटणं. बस्स.

तिनं पान उलटलं आणि बाही काढायला घेतली. काका शेजारी उभे, अंगठे धरायला सांगितलेल्या पोरासारखे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संग्रहालयाच्या मोठ्या मॅडमना सगळं सांगितलं आणि सगळ्यांदेखत ओल्या कापसानं ती वेल पुसली. घरी आले तर उशीला बायकोनं दुसराच, बिनवेलीचा अभ्रा घातलेला. आधीचा कुठे गेला, हे विचारायला त्यांना तोंड नव्हतं.